टर्बो मोटार, ट्रॅक आणि बॉनेटखालची उष्णता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत शर्यतीच्या ट्रॅकवर टर्बो मोटार (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बसवलेली) चालवण्याच्या हौसेविषयी आलेला लेख मी आवडीने वाचला. टायर आणि ब्रेक यांबद्दल लेखकाने जे लिहिले आहे त्याविषयी माझी काहीच तक्रार नाही. मात्र इंजिनाच्या उष्णतेचा विषय शेवटच्या परिच्छेदात तीन सल्ल्यांवर उरकला आहे: मोठा इंटरकूलर (टर्बोने दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणारी जाळी) बसवा, टर्बो आणि मॅनिफोल्ड (इंजिनातून एक्झॉस्ट बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) उष्णतारोधक पट्टीने पूर्ण गुंडाळून टाका, आणि बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलून ठेवा. यातला पहिला सल्ला अपुरा, दुसरा अर्धवट आणि तिसरा साफ चुकीचा आहे. तिसरा प्रयोग मी स्वतःच्या गाडीवर हौसेने करून बसलो असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

आधी उष्णता किती असते ते पाहू. सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मध्यम आकाराच्या मोटारीला साधारण १५ ते २० किलोवॉट शक्ती पुरते. तीच मोटार २०० अश्वशक्तीची असेल तर ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर जवळजवळ १५० किलोवॉट काढते. आणि पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाची ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जाच प्रत्यक्ष कामी येत असल्याने, तितकीच उष्णता एक्झॉस्टमधून आणि त्याहून थोडी कमी कूलंट व ऑइलमधून बाहेर पडावी लागते. रस्त्यावर पूर्ण थ्रॉटल फार तर काही सेकंद दिला जातो, ट्रॅकवर मात्र प्रत्येक लॅपचा मोठा भाग पाय तिथेच असतो. टर्बाइनच्या, म्हणजे टर्बोतल्या एक्झॉस्टने फिरणाऱ्या चाकाच्या तोंडाशी येणारा वायू अशा वेळी ९०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो आणि हा लालभडक ऐवज ब्रेक फ्लुइडच्या टाकीपासून व वायरिंगपासून काही वेळा वीतभरही लांब नसतो.

ही उष्णता बाहेर काढायची म्हटली की बहुतेकांना हवा आत घेण्याचेच सुचते: पुढची जाळी मोठी करा, रेडिएटर जाड करा. पण बॉनेटखालची हवा बाहेर पडायला जागाच नसेल तर नवी हवा आत येणार कशी? रेडिएटरमधून किती हवा वाहील हे त्याच्या पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर ठरते. मागे दाब साचला की पुढे कितीही मोठे तोंड केले तरी हवा रेडिएटरला वळसा घालून बाजूच्या फटींतून निघून जाते, कारण हवा नेहमीच सोपी वाट धरते. म्हणून रेडिएटरच्या चारही कडांच्या फटी स्पंजच्या पट्ट्यांनी बुजवणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. गरम हवा खाली पडावी म्हणून इंजिनाखालचे आवरण काढून टाकणारेही पुष्कळ भेटतात. पण अनेक गाड्यांत त्या आवरणामुळेच खालून हवा ओढली जाते, आणि ते काढल्यावर तापमान उतरण्याऐवजी चढते.

आता वॉशरविषयी. धावत्या गाडीच्या समोरच्या काचेवर हवा आदळते, त्यामुळे काचेच्या पायथ्याशी दाब वाढतो. गाडीच्या आत ताजी हवा घेणारी जाळी कारखान्यात नेमकी तिथेच बसवतात, ती याच कारणाने. तिथे बॉनेट उचलले तर गाडी उभी असताना त्या फटीतून गरम हवा वर जाते आणि ती हाताला जाणवतेही, त्यामुळे युक्ती लागू पडली असे वाटते. वेग आला की मात्र सगळे उलटे होते. मी बॉनेटच्या मागच्या कडेला आणि मधल्या भागावर बोटभर लांबीचे लोकरीचे धागे चिकटपट्टीने लावले, काचेच्या आतून मोबाइलने चित्रण केले आणि दोन लॅप मारले. ताशी ८० किलोमीटरच्या पुढे मागच्या कडेचे सगळे धागे वळून फटीत शिरले होते आणि शेपटी बाहेर ठेवून उंदीर बिळात जावा तसे तिथे थरथरत होते. म्हणजे ज्या वाटेने हवा बाहेर पडावी असे मला वाटत होते, तिथूनच ती आत घुसत होती आणि रेडिएटरमागचा दाब आणखी वाढवत होती. बॉनेटच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यातले, रेडिएटरच्या जरासे मागचे धागे मात्र पृष्ठभाग सोडून वर उचलले जात होते, कारण तिथे दाब कमी असतो. पुढे तिथेच झडपांची जाळी कापून बसवली, तेव्हा चौथ्या लॅपला ११२ अंशांवर जाणारे कूलंट १०४ अंशांवर थांबू लागले. रेडिएटर तोच होता.

गुंडाळण्याबाबत लेखकाचे अर्धे म्हणणे खरे आहे. तापलेल्या वस्तूचे किरणोत्सर्जन निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणून ८०० अंशांचे मॅनिफोल्ड ४०० अंशांच्या मॅनिफोल्डपेक्षा दुप्पट नव्हे, तर जवळपास साडेसहापट उष्णता फेकते. आणि टर्बाइनच्या घरावरचे ब्लँकेट ही फेक तिथल्या तिथे अडवते. परंतु मॅनिफोल्डला पट्टी घट्ट गुंडाळली की धातूला उष्णता सोडायला जागा राहत नाही, पट्टीत ओल धरते आणि पातळ पत्र्याच्या नळ्यांचे जोड तडकतात. ब्लँकेट असो वा पट्टी, एकदा ऑइल प्यायली की ती कंदिलाची वात झाली असे समजून फेकून द्यावी, धुऊन पुन्हा वापरू नये. शक्य तिथे मी हीट शील्डच पसंत करतो: चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि त्याच्या व गरम भागाच्या मध्ये बोटभर हवा. मॅक्लारेन एफ१ मोटारीच्या इंजिनाच्या खणाला सोन्याचा वर्ख लावला होता, तो सोने अवरक्त किरण उत्तम परावर्तित करते म्हणून. पण स्वच्छ ॲल्युमिनियमही या कामात फारसे मागे नसते. सोनेरी चिकटपट्टी इनटेकच्या नळीला लावून कृतार्थ होणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की ती किरणे परतवते, भोवतालच्या गरम हवेपुढे तिचा काही इलाज चालत नाही.

इंटरकूलरची गरज मी नाकारत नाही. ३० अंशांची हवा १ बार बूस्टपर्यंत (बाहेरच्या दाबाहून १ बार जास्त) दाबली आणि कंप्रेसरची, म्हणजे टर्बोतल्या हवा दाबणाऱ्या चाकाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १२५ अंशांवर जाते, आणि इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान दर १० अंशांनी वाढले की तिची घनता साधारण ३ टक्क्यांनी घटते. त्यावर नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) टाळण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, इग्निशन टायमिंग मागे घेतो, ते नुकसान वेगळेच. पण रेडिएटरच्या पुढे लटकवलेला इंटरकूलर जितका जाड, तितकी रेडिएटरला मिळणारी हवा कमी आणि ऊन. म्हणजे एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन आणि सुबारू इम्प्रेझा एसटीआय या गाड्यांत इंटरकूलरवर पाण्याचा फवारा मारण्याची सोय होती, आणि ती केवळ दिखाऊ नव्हती: एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,२५० किलोजूल उष्णता ओढून घेते.

थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला लेखकाने दिलेला नाही, याबद्दल त्यांचे आभार. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करतो. तो काढला की काही कूलंट रेडिएटरकडे न जाताच फिरत राहते.

लेखात अजिबात न आलेली गोष्ट म्हणजे शेवटचा लॅप. पिटमध्ये येऊन लगेच चावी फिरवली की हवा थांबते, ऑइलचा पंप थांबतो, आणि टर्बाइनच्या घरात साठलेली उष्णता दांड्यावरून बेअरिंगकडे सरकते. क्षणापूर्वी मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या त्या दांड्याभोवतीचे ऑइल मग जागेवरच जळून कोळसा होते. पाण्याने थंड होणाऱ्या टर्बोत हा धोका कमी असला तरी संपत नाही. त्यासाठी अखेरचा एक पूर्ण लॅप वरच्या गिअरमध्ये, बूस्ट न येऊ देता काढावा, थांबल्यावर इंजिन थोडा वेळ आयडलवर ठेवावे आणि बॉनेट पूर्ण उघडावे. हे न पाळल्यामुळे एकदा गाडी उभी केल्यावर वीस मिनिटांनी माझे क्लच पेडल जमिनीला टेकून तिथेच राहिले. टर्बोजवळून जाणाऱ्या नळीतले फ्लुइड धावताना नव्हे, तर उभ्या गाडीत उकळले होते.

टर्बोची ही रड जुनीच आहे. रेनॉने १९७७ साली सिल्व्हरस्टोनला पहिली टर्बो फॉर्म्युला वन गाडी उतरवली, तेव्हा तिच्या धुरावाफेमुळे प्रतिस्पर्ध्यांनी तिला ‘पिवळी किटली’ म्हणून हिणवले होते. त्याच संघाने १९७९ मध्ये दिजाँची शर्यत जिंकली.

वॉशरबाबतची दुरुस्ती तरी पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती. ज्यांनी ते घातलेच असतील त्यांनी काढल्यावर बॉनेटची फट दोन्ही बाजूंना सारखी आली आहे का आणि पुढचे कुलूप नीट बसते का, हे गाडी ट्रॅकवर नेण्याआधी हाताने दाबून पाहावे.

आपला,
एक नियमित वाचक