पट्टी एकदाच निघावी, आणि बरोबर निघावी

संपादक महोदय,

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अभियांत्रिकीच्या मुलांना अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी एक विषय सुचवावासा वाटतो: लिनक्सच्या डिस्क ड्रायव्हरमधला (डिस्क चालवणाऱ्या प्रोग्रॅममधला), विनंती पूर्ण झाल्याचे कळवणारा कोड सुटसुटीत करणे. विषय अवघड वाटेल, पण हापूसच्या व्यवहारातून तो चटकन कळतो. बागायतदार मार्का घालून पेट्या वाशीला धाडतो, माल विकला की दलालाची पट्टी, म्हणजे हिशेब, येतो. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, हाही डिस्ककडे वाचण्या-लिहिण्याची विनंती धाडतो, तिला टॅग नावाचा क्रमांक असतो, आणि डिस्कचे काम आटोपले की ड्रायव्हरने पट्टी करायची असते: किती बाइट झाले, किती राहिले, चूक असल्यास कोणती. पट्टी निघाली की टॅग मोकळा होतो आणि लगेच दुसऱ्या विनंतीला मिळतो. बहुतेक घोटाळे या शेवटच्या वाक्यात आहेत.

गुंता का झाला, तर जुने-नवे शेजारी नांदले म्हणून. विनंत्या अनेक रांगांत लावण्याची नवी पद्धत 2014 च्या जानेवारीत 3.13 आवृत्तीबरोबर आली, आणि एकाच रांगेची जुनी पद्धत गेली ती 2019 च्या मार्चमध्ये, 5.0 आवृत्तीत. मधली पाच वर्षे बऱ्याच ठिकाणी दोन्ही वाटा सांभाळाव्या लागल्या. स्कझी (डिस्कशी बोलण्याची एक जुनी, रुळलेली पद्धत) थरातले पूर्तता कळवणारे लांबलचक फंक्शन 2018 मध्ये फोडले गेले, ते जरूर वाचावे. सगळे बाइट सुखरूप आले तर सरळ बाहेर. चुकीचा अर्थ लावणे वेगळ्या फंक्शनमध्ये. आणि पुढे काय करायचे (लगेच पुन्हा पाठवणे, थोडे थांबून पाठवणे, आज्ञा नव्याने बांधणे की नापास करणे) हे तिसरीकडे. आमच्या मते याहून चांगला नमुना नाही.

सोपे करण्याच्या भरात पहिला बळी जातो तो अर्धवट यशाचा. 64 केबीची विनंती म्हणजे 512 बाइटचे 128 सेक्टर (डिस्कवरचे कप्पे). एकेचाळिसावा खराब निघाला, तर आधीचे 40, म्हणजे 20,480 बाइट, जमा करायचे आणि उरलेल्या 88 चा निर्णय वेगळा करायचा. 'चूक आली, सगळे नापास' असे एका ओळीत उरकले तर चांगली माहितीही हातची जाते. उलट सगळेच पास केले तर फाइलमध्ये कचरा शिरतो आणि कोणाला पत्ता लागत नाही. हे जास्त वाईट. डिस्कने चूक स्वतःच दुरुस्त केल्याचे कळवले असेल तर माहिती खरी असते, ती नापास करू नये.

क्रमही पाळायला हवा. एनव्हीएमई या नव्या, वेगवान पद्धतीच्या डिस्कचा पूर्ततेचा नोंदखण 16 बाइटचा असतो. त्यातला फेज बिट (नोंद या फेरीची की मागच्या, हे सांगणारा) आधी तपासायचा, मग मेमरी बॅरियर (वाचण्याचा क्रम बदलू न देणारी आज्ञा), आणि मगच बाकीची नोंद वाचायची. नाहीतर मागच्या फेरीची शिळी नोंद ताजी म्हणून हाती येते. त्यानंतर डीएमए मॅपिंग (डिस्कला मेमरी थेट वापरू देणारी जोडणी) सोडायचे, पुढे लागणारे आकडे स्थानिक चलांत उतरवायचे, आणि सर्वांत शेवटी विनंती संपवायची. संपवल्यावर तिला हात लावायचा नाही, कारण तोच टॅग एव्हाना दुसऱ्या सीपीयूने उचललेला असू शकतो. ड्रायव्हरचे कुलूप धरून संपवणेही धोक्याचे: वरचा थर तिथल्या तिथे नवी विनंती पाठवू शकतो, तिला तेच कुलूप हवे असते, आणि यंत्र गोठते.

स्कझी आणि एनव्हीएमई दोन्हींत डिस्कच्या उत्तराची वाट पाहण्याची साधारण मुदत 30 सेकंदांची. मुदत संपणे आणि डिस्कचे उत्तर येणे एकाच क्षणी घडले तर एकाच विनंतीच्या दोन पट्ट्या निघतात. कोण आधी आला हे एका अणुबिटाने (एका वेळी एकालाच बदलता येणाऱ्या खुणेने) ठरवावे लागते. 'हे कधी घडतच नाही' म्हणून तो बिट उडवणारे पॅच (कोडमधले बदल) दिसतात.

घडते, आणि किनाऱ्यावर तर हमखास. वातानुकूलित प्रयोगशाळेत कोडच्या ज्या फांद्या मृत वाटतात, त्या इथे जिवंत असतात. खाऱ्या हवेने डिस्कला जोडणाऱ्या साटा केबलचे टोक गंजते, सीआरसीच्या (केबलवरून माहिती जाताना बिघडल्याच्या) चुका वाढतात आणि दोष मात्र डिस्कच्या माथी येतो. (डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ठेवते त्या स्मार्ट नोंदींतला 199 क्रमांक वाढत असेल तर आधी केबल बदलून पाहा.) जून-जुलैत वीज झटक्यात जाते, तेव्हा डिस्कच्या कॅशमध्ये पोचलेले आणि तबकडीवर खरोखर लिहिलेले यांतला फरक कळतो. फ्लशची (कॅशमधले तबकडीवर उतरवण्याच्या आज्ञेची) पूर्तता डिस्कच्या होकाराआधी कळवणारा ड्रायव्हर तिथेच उघडा पडतो.

चाचणीला खरी डिस्क खराब करावी लागत नाही. मधल्या थरातले बदल स्कझी-डीबग या खोटी डिस्क उभी करणाऱ्या मॉड्यूलवर तपासता येतात: ऑप्ट्स 2 दिला की 4660 व्या सेक्टरपासून वाचताना मीडियम एरर, म्हणजे खराब सेक्टरची चूक, मिळते. मुदतीच्या चुका कर्नलच्या फॉल्ट इंजेक्शनने (मुद्दाम चुका घडवण्याच्या सोयीने) घडवाव्यात. केएएसएएन हा कर्नलचा मेमरी-तपासनीस चालू ठेवावा, म्हणजे मोकळ्या केलेल्या मेमरीला कोणी हात लावला की लगेच बोंब होते. फिओ हे डिस्कवर भार टाकणारे साधन चालवताना पडताळणीचा पर्याय द्यावा, नुसता वेग मोजून उपयोग नाही.

आणि पॅच पाठवताना कोड हलवणे एका पॅचमध्ये, वर्तन बदलणे दुसऱ्यात. दोन्ही एकत्र केले तर सहा महिन्यांनी बिघाड शोधणाऱ्याचे बायसेक्ट (निम्मे निम्मे करत दोषी पॅच शोधणे) त्याच ढिगापाशी येऊन अडते.

– संगणक प्रणालींवर काम करणारे काही वाचक, रत्नागिरी