हमीत दिवा मिळतो, पण चाळीस फुटांवर चढण्याचा खर्च कोणाचा?

लातूर, दि. 12 मार्च

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : हमीच्या काळातच बंद पडणारे एलईडी दिवे

महोदय,

आमच्या चार मजली व्यापारी संकुलातल्या 36 वॉटच्या जुन्या ट्यूब काढून आपल्या कंपनीने दिवाळीआधी सगळीकडे एलईडी बसवले. वीजबिल उतरलं, हे मान्य. पण मधल्या चौकात, चाळीस फुटांवर पत्र्याखाली लावलेले दिवे एकेक करून बंद पडत आहेत.

हमीत दिवा बदलून मिळतो, त्याबद्दल वाद नाही. वाद वर चढण्याचा आहे. दर वेळी परांची बांधायची, खालची दुकानं अर्धा दिवस बंद ठेवायची, मजुरी द्यायची. हा खर्च दिव्याच्या किमतीहून मोठा आहे आणि तो गाळेधारकांच्या वर्गणीतून जातो. मागच्या खेपेला तर आपण पाठवलेला मुलगा कमरेला पट्टा न बांधताच वर निघाला होता. आमच्या वॉचमनने त्याला खाली उतरवलं. कोणाच्या लेकराचा जीव धोक्यात घालून आम्हाला उजेड नको आहे.

बंद पडलेला एक दिवा आमच्या वायरमनने माझ्यासमोर उघडला. एलईडीची पट्टी शाबूत होती, ड्रायव्हरमधला, म्हणजे दिव्याला बेताची वीज पुरवणाऱ्या भागातला, कपॅसिटर मात्र डोक्याकडून फुगलेला. वर तापलेला पत्रा, दिव्याचं खोकं चहूबाजूंनी बंद, हवा जायला फट नाही. तापमान 10 अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, हे आपल्या इंजिनिअरना मी सांगायला नको. माहितीपत्रकात 50,000 तास छापले आहेत. रोज 12 तास धरले तरी ती अकरा वर्षं होतात. इथे अजून पहिला उन्हाळाही लागलेला नाही, आणि मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीपार जातो.

शिवाय उजेडाचा रंगही जुळत नाही : मूळ दिवे 4000 केल्विनचे आणि बदलून दिलेले 6500 चे, म्हणजे जास्त निळसर. संकुलात बहुतेक दुकानं कापडाची. एका दिव्याखाली मोतिया दिसणारी साडी दुसऱ्याखाली निळसर दिसते. ऐन लग्नसराईत दुकानदार गिऱ्हाइकाला रंग दाखवायला रस्त्यावर घेऊन जातात.

काढलेल्या ट्यूब अजून गच्चीवरच पडून आहेत, काही फुटल्या आहेत. त्यात पारा असतो आणि 2022 च्या ई-कचरा नियमांत अशा ट्यूब येतात. त्या नेण्याचं आपण करारात कबूल केलं आहे.

आमचं म्हणणं एवढंच : चौकातल्या सगळ्या दिव्यांचे ड्रायव्हर एकदाच, आपल्या खर्चाने, परांचीसह बदलून द्या. नवे ड्रायव्हर खोक्यात न घालता वायर वाढवून चौथ्या मजल्याच्या गॅलरीत, हाताला येतील असे बसवा. म्हणजे पुढे बिघाड झाला तरी वर चढावं लागणार नाही. सगळे दिवे 4000 केल्विनचेच हवेत.

काम एप्रिलच्या आत व्हावं. तारीख लेखी कळवा, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी चौक मोकळा करून देतो. हे होईपर्यंत शेवटच्या हप्त्याची रक्कम समितीने रोखून ठेवली आहे.

आपला,
देखभाल प्रमुख,
गाळेधारक समिती