खर्जाला बदनाम करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विसर्जन मिरवणुकीनंतरच्या आठवड्यात आपल्या दैनिकातल्या वाचकांच्या पत्रांत ‘बेस’ हा शब्द मी पुन्हा पुन्हा वाचला. बेसने छाती धडधडते, बेसने काचा थरथरतात, बेसवर बंदी घाला. लिहिणाऱ्यांचा त्रास खरा आहे. त्या रात्री माझी ८१ वर्षांची आई कानांवर उशी दाबून बसली होती आणि तरीही तिला तो दणका बरगड्यांत लागत होता. तेव्हा त्या पत्रलेखकांशी माझं काही भांडण नाही. मला वाईट एवढ्याचंच वाटतं, की ज्या बेस गिटारने, म्हणजे जाड तारांच्या, खालचे स्वर देणाऱ्या गिटारने, माझं आयुष्य भरून गेलं तिचं नाव आता शिवीसारखं वापरलं जातंय.

मी मिरजेचा. एसटीच्या वर्कशॉपमध्ये ऑटो-इलेक्ट्रिशियन होतो, आता निवृत्त आहे. नोकरी सांभाळून ३४ वर्षं वाद्यवृंदात बेस गिटार वाजवली. भावगीतं, लावण्या, हिंदी गाणी, लग्नातली संगीतं, सगळं. राहुलदेव बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बेस वाजवायचे. त्यांचं वाजवणं रेडिओवर ऐकून मी या वाद्याकडे वळलो. समोर बसलेल्या माणसाला बेस वाजतोय हे बहुधा जाणवतही नाही. पण मी एक मात्रा चुकलो तरी गायक मान वळवून मागे बघतो. या वाद्याचं काम असं आहे.

साधारण सहा वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका नाट्यगृहात भावगीतांचा कार्यक्रम होता. माझी साधी वायर, तीही दोन तुकडे जोडलेली, स्टेजपासून प्रेक्षागृहाच्या मागे असलेल्या मिक्सरपर्यंत गेली होती. २५ मीटर तरी असेल. पहिल्या गाण्यालाच साऊंडवाल्या मुलाने खुणेने बोलावलं, “काका, तुमचा बेस ऐकूच येईना झालाय.” मी वाढवला. त्यानेही तिकडे ‘लो’चा नॉब उजवीकडे फिरवला. बाल्कनीखाली कुठलासा पत्रा तडतडायला लागला, डग्ग्याची मींड बुडाली, आणि सत्तरी ओलांडलेल्या आमच्या गायिका ताई, ज्यांचा षड्ज मी कधी हललेला पाहिला नव्हता, त्या मुखड्यावर थांबल्या. माइक बाजूला धरून मला म्हणाल्या, “मला सूर सापडत नाहीये रे.” मध्यंतरानंतर त्या मुलाने माझा फेडर, म्हणजे मिक्सरवरची माझ्या आवाजाची सरकपट्टी, पार खाली ओढली. पुढचा दीड तास मी वाजवत होतो आणि सभागृहात त्यातलं काहीच पोचत नव्हतं.

दोष त्या मुलाचा नव्हता. त्याच्या हातात जे येत होतं तेच अर्धमेलं होतं. बेस गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारेच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणाऱ्या भागात, चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. त्यातून निघणारा सिग्नल फार अशक्त असतो. आणि शिल्डवाली वायर म्हणजे एक लांबलचक कपॅसिटरच, म्हणजे वीज साठवणारा भागच, असते; त्याच्या मापात मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धरा, २५ मीटरला २,५०० झाले. आवाजातला वरचा, धारदार भाग त्या वायरीतच जिरून जातो आणि मिक्सरला नुसती बुडबुड मिळते. बुडबुड कितीही वाढवली तरी तिचा सूर होत नाही. वर त्या वायरीने वाटेत ट्यूबलाइटची आणि डिमरची भुणभुण उचललेली असते ती वेगळीच.

त्यानंतर महिनाभराने गोव्यात तियात्राला, म्हणजे कोकणी संगीत नाटकाला, बेस वाजवणाऱ्या एका मित्राने मला त्याचा जुना प्रीअँप पेडल दिला, म्हणजे गिटारचा सिग्नल घडवून पुढे पाठवणारा. पोलादी डबी, हाताच्या पंजात मावेल एवढी. एका बाजूला गिटारची जॅक घालायची, दुसऱ्या बाजूने माइकसारखी तीन पिनांची वायर थेट मिक्सरला. आत शिरतानाच हा पेडल सिग्नलवर जवळजवळ काहीच भार टाकत नाही, त्यामुळे पिकअपने दिलेलं सगळं शाबूत राहतं. बाहेर पडताना तोच सिग्नल दोन तारांवरून जातो, एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा. वाटेतली भुणभुण दोन्ही तारांवर सारखीच चढते. मिक्सर एकातून दुसरा वजा करतो, भुणभुण आपोआप कटते आणि बेस तेवढा उरतो. इलेक्ट्रिशियन असल्यामुळे मी ही गोष्ट पुस्तकात वाचली होती. त्या दिवशी कानांनी ऐकली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

एवढं काम साध्या डीआय बॉक्सनेही, म्हणजे गिटारचा सिग्नल असा मिक्सरजोगा करून देणाऱ्या डबीनेही, होतं. प्रीअँपचं खरं काम त्यापुढे आहे, आणि वर्तमानपत्राला पत्र लिहिण्याचं कारणही तेच आहे.

बेसची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ४१ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ४१ कंपनांचा, स्वर निघतो. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा, म्हणजे आम्ही त्याच्याही बऱ्याच खाली. पण कुठलीही तार एकच स्वर देत नाही. ४१ बरोबर ८२, १२४, १६५ असे वरचे स्वरांशही तिच्यातून निघतात. आणि माणसाच्या कानाची करामत अशी, की हे वरचे स्वरांश नीट ऐकू आले तर खालचा मूळ स्वर तो मनानेच भरून काढतो. जुन्या लँडलाइन फोनवर ३०० हर्ट्झच्या खालचं काहीच जात नसे, तरी वडिलांचा घोगरा आवाज आपण ‘हॅलो’लाच ओळखायचो ना? त्या आवाजाचा मूळ स्वर तर १००-१२० च्या आसपासचा. तो वायरीतून आलेलाच नसायचा.

म्हणून बेस ऐकू यावा यासाठी ४० हर्ट्झ ढकलत राहायची गरज नाही. कमी आवाजात कान खालच्या स्वरांना बोथट असतो, हे १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलंय. खालून ढकलायचं तर प्रचंड ढकलावं लागतं आणि मग गल्ली हादरते. त्याऐवजी वरचे स्वरांश जागे करायचे.

माझ्या पेडलवर ते काम ‘ड्राइव्ह’चा नॉब करतो. तो थोडा फिरवला की सिग्नलला किंचित खरखरीत पोत येतो, म्हणजेच स्वरांश वाढतात. पण एकट्या ड्राइव्हने खालची गोलाई पातळ होते. त्यासाठी शेजारी ‘ब्लेंड’ आहे, आणि सगळ्या डबीत माझा जीव कशात असेल तर या एका नॉबमध्ये. डावीकडे पूर्ण फिरवला तर गिटारचा मूळ, स्वच्छ आवाज. उजवीकडे पूर्ण, तर फक्त पेडलने घडवलेला. मधे कुठेतरी दोन्ही एकत्र नांदतात, स्वच्छ आवाज तळ धरतो आणि खरखरीत आवाज वर अक्षरं उमटवतो. ती जागा प्रत्येक सभागृहात दोन-चार केसांनी सरकते. मी घड्याळासारखं वाचतो: ड्राइव्ह साडेनऊ, ब्लेंड एक, ट्रेबल अकरा. बेसचा नॉब बाराच्या थोडा अलीकडे, म्हणजे चक्क कमी केलेला. ५०० हर्ट्झच्या आसपासचा मिड दोनवर. डग्गा असेल तर ८० हर्ट्झचा भाग मी आणखी उतरवतो, कारण डग्ग्याचा घुमारा साधारण त्याच पट्ट्यात असतो आणि भावगीतात तो घुमारा माझ्या चार स्वरांपेक्षा मोलाचा आहे. लावणीला ढोलकी असते, तिथे जागा मोकळी मिळते, मग थोडा परत चढवतो.

अशा पेडलचा इतिहासही याच गरजेतून आला. अमेरिकेत १९६९ मध्ये अँपेग कंपनीचा ३०० वॅटचा एसव्हीटी अँप्लिफायर आला. त्याच्यासोबतची स्पीकरची पेटी आठ-आठ स्पीकरांची. उचलायला दोन दणकट माणसं लागतात. त्या जातीच्या व्हॉल्व्हच्या अँपचा उबदार आवाज पायाखालच्या डबीत मिळावा म्हणून टेक २१ या कंपनीने १९९२ मध्ये सॅन्सॅम्प बेस ड्रायव्हर हा पेडल काढला. आज फिनलंडच्या डार्कग्लास कंपनीपर्यंत कितीतरी जण असे पेडल बनवतात. माझा कुठला ते मुद्दाम लिहीत नाही. स्वस्तातला असला तरी चालतो, कान हवा.

हे सगळं मिरजेच्या माणसाला नवं वाटायचं कारण नाही. आमच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण ती वाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या जे चाललंय तेही स्वरांश जागे करणंच आहे. तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवून तिला केसभर गोलाई देतात, मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत एका जागी आणतात, आणि तिथे तार एकदम बोलायला लागते. तीच जवारी. माझ्या ओळखीचे एक चाचा हे काम करतात. एकदा तालमीला येऊन बसले. मी ब्लेंड हळूहळू फिरवत होतो. एका जागी त्यांनी हात वर केला, “बस, यहीं. अब जवारी खुली.” तेव्हापासून त्या नॉबला आम्ही जवारीच म्हणतो.

आता मिरवणुकीकडे येतो. तिथल्या सबवूफरच्या भिंतींतून जे निघतं त्यात स्वरांश नसतातच. ३०-६० हर्ट्झचा नुसता दाब असतो. ४१ हर्ट्झच्या एका लाटेची लांबी ८ मीटरच्या वर भरते. तिला दार अडवत नाही, भिंत धड अडवत नाही, आईची उशी काय अडवणार? ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, ती बरोबरच आहे. पण ही मोजणी ‘ए’ पद्धतीने, म्हणजे कानासारखे खालचे स्वर कमी धरून, होते, आणि त्या पद्धतीत ४० हर्ट्झच्या आवाजातून सुमारे ३५ डेसिबल वजा होतात. म्हणजे छातीत घुसणारा आवाजच मीटरवर सगळ्यात कमी दिसतो. बंदीची मागणी करणाऱ्या वाचकांनी ही गोष्ट जरूर लावून धरावी. सबवूफरजवळ, खालचे स्वर फारसे न वगळणाऱ्या ‘सी’ पद्धतीनेही मोजा, अशी मागणी करा. मी सही करीन.

माझं स्वतःचं मागणं छोटं आहे. नगरपालिकांच्या, महापालिकांच्या नाट्यगृहांत माइक आणि स्टँड असतात, तसे दोन-तीन डीआय बॉक्सही सामानात ठेवावेत. खर्च फार नाही. संयोजकांनी पडदा उघडण्याआधी बेसवादकाला दहा मिनिटं द्यावीत. तबला लावायला आपण देतोच ना. आणि मंडळांच्या पोरांनो, तुमच्या स्टेजवर खरा बेस वाजवणारा माणूस असेल तर त्याला पहिल्यांदा विचारा, “काका, कमी करू का?” वाढवू का, असं नंतर विचारा.

त्या पहिल्या कार्यक्रमातल्या ताई अजून गातात. पेडल आल्यावर पहिल्यांदा त्यांच्या मागे वाजवलं तेव्हा स्टेजवरचा आवाज पूर्वीच्या निम्म्याने होता. दुसऱ्या अंतऱ्यानंतर त्यांनी मागे बघितलं. मला वाटलं चुकलो. त्या म्हणाल्या, “आज खालचा सा ऐकू येतोय.”

कोजागिरीला त्या पुन्हा गाणार आहेत. तालीम आमच्या गच्चीवर असते, आई खुर्ची टाकून शेवटपर्यंत ऐकते. साऊंडचं काम करणाऱ्या ज्या मुलांना यायचं असेल त्यांनी आपला हेडफोन घेऊन यावं. पेडलचे चार स्क्रू काढून आतला बोर्ड दाखवीन, आणि मग एकेक नॉब त्यांच्याच हाताने फिरवायला देईन.

आपला नम्र,
एक बेस गिटारवादक, मिरज