बाबा, पोती कुठून आणायचात तुम्ही?

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रात्रीचे साडेदहा वाजलेत. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात, जिल्हा परिषद शाळेच्या वर्गात बसून लिहिते आहे. बाजूच्या दोन खोल्यांत २४ मुली झोपल्यात, समाजमंदिरात २६ मुलं. आमच्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचा आज पाचवा दिवस. दिवसभर कुदळ मारून सगळे मेल्यासारखे झोपलेत.

आई, संक्रांतीला तू फोनवर चिडलीस. "अजून किती वर्षं पोट्ट्यायले घेऊन गावोगाव हिंडशील व?" म्हणालीस आणि फोन ठेवलास. सणाला लेक घरी नाही, तुझं चिडणं बरोबरच आहे. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, म्हणून हे पत्र. धाकट्याला सावकाश वाचून दाखवायला सांग. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, त्यांनी स्वतः वाचायची घाई करू नये.

मी सातवीत होते तेव्हा आपल्या गावात कॉलेजच्या पोरांचं शिबिर आलं होतं. तुम्हाला आठवत असेलच. मला त्यांच्या छातीवरचा बिल्ला आठवतो, लाल-निळा, मधे चाक. ते कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आहे आणि त्याच्या आठ आऱ्या म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, हे मला फार पुढे कळलं. त्या पोरांनी सात दिवसांत नाल्यावर वनराई बंधारा, म्हणजे मातीनं भरलेली पोती रचून पाणी अडवायचा बांध, बांधला. सरपंचांनी भाषण केलं, हार झाले, पोरं ट्रॅक्टरमध्ये बसून गेली.

पण त्या आठवड्यातलं मला सगळ्यात जास्त आठवतं ते तुझं एक वाक्य, आई. पहिल्या संध्याकाळी सगळं गाव मुलांच्या जेवणाचं, झोपण्याचं बोलत होतं. तू डोक्यावरचा पदर सावरून मधेच विचारलंस, "अन् पोरी जातीन कुठं?" सगळे गप्प. त्या काळी गावात कोणाकडे संडास होता? मग तूच तुराट्या आणि जुनी लुगडी लावून आपल्या गोठ्यामागे आडोसा केलास, पहाटे चुलीवर हंडाभर पाणी तापवून ठेवू लागलीस. सातही दिवस.

आज मी त्याच योजनेची कार्यक्रम अधिकारी आहे, अशी शिबिरं मीच भरवते. आणि तुला कधी सांगितलं नाही ते आज सांगते. माझ्या पहिल्याच शिबिरात मी तुझा प्रश्न विचारला नव्हता. गाव ठरवलं, कामाची जागा पाहिली, भाषणाला पाहुणे सांगितले, आणि मुलींची सोय बघायचीच राहिली. मुली लाजून बोलल्या नाहीत, त्यांनी पाणी पिणंच कमी केलं. तिसऱ्या दिवशी एक पोरगी उन्हात चक्कर येऊन पडली. त्या रात्री मी फार रडले. तेव्हापासून गाव बघायला गेले की आधी तुझा प्रश्न, मग बाकीचं.

ही राष्ट्रीय सेवा योजना गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली. तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी होते. दर वर्षी पहिल्या दिवशी मी मुलांना हे सांगते, आणि सांगताना बाबा आठवतात. त्या साली तुम्ही मॅट्रिक होऊन वखरामागे लागला होतात. कॉलेजचं तोंड तुम्हाला बघायला मिळालं नाही. माझ्या मुलांना वर्षाला १२० तास काम करावं लागतं, दोन वर्षांत २४० तास आणि एक शिबिर झालं की प्रमाणपत्र मिळतं. बाबा, तुमच्या तासांची नोंद कुठल्याच वहीत नाही.

कुठले तास, असं तुम्ही विचाराल. पहिल्या पावसाळ्यात मोठा पूर आला आणि त्या पोरांचा बंधारा वाहून गेला. जाणारच, मातीच्या पोत्यांचा तो. पोळ्याच्या दिवशी पारावर लोक म्हणाले, "गेलं बाप्पा सारं पान्यात." तुम्ही काहीच बोलला नाहीत. दिवाळी झाली, आणि एका सकाळी तुम्ही, कोतवालकाका आणि पलीकडच्या वावरातले ते बुवा, तिघं फावडी घेऊन नाल्यावर गेलात. दर वर्षी जायचात. मी बारावी होऊन यवतमाळला शिकायला जाईपर्यंत तर मी पाहिलंच आहे. फेब्रुवारीपर्यंत नाल्यात ढोरांना पाणी असायचं, आपल्या विहिरीवर गव्हाला एक ओलित जास्त व्हायचं. मला तेव्हा वाटायचं, बाबांना दुसरं काम नाही का?

आता या कामात इतकी वर्षं काढल्यावर मला कळतंय की आमच्या सात दिवसांचं खरं काम आम्ही गेल्यावर सुरू होतं, आणि ते करणारा माणूस गावात नसेल तर आमची शिबिरं म्हणजे सहलीच.

आमच्याही काही गोष्टी चुकतात. बंधारा घालायचा तर तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नाल्याला धार असताना. पण तेव्हा हिवाळी परीक्षा असतात, म्हणून शिबिरं जानेवारीत जातात आणि निम्मे नाले तोवर कोरडे पडलेले असतात. कोरड्या नाल्यात पोती रचून फोटो काढणं मला पटत नाही. म्हणून यंदा मी नोव्हेंबरातले दोन रविवार धरले. पोत्याचं तोंड सुतळीनं शिवायचं, विटांसारखी सांधेमोड करून दोन रांगा रचायच्या, मधे चिकणमाती ठासून भरायची. मुलांनी दोन दिवसांत बांधला. आज जाऊन पाहिलं, गुडघाभर पाणी आहे अजून.

शिबिरात सांडपाणी जमिनीत मुरवायचे शोषखड्डे घेतलेत. आपली काळी माती पाणी पीत नाही, त्यामुळे मुरूम लागेपर्यंत खणावं लागतं, नाही तर खड्डा महिनाभरात तुंबतो. खाली मोठे दगड, वर विटांचे तुकडे, मग बारीक गिट्टी. हातपंपाजवळचा चिखल दोन दिवसांत सुकला, तेव्हा बाया येऊन पाय आपटून बघत होत्या.

सकाळी झाडू-फावडं, दुपारी बौद्धिक, रात्री मुलांची पथनाट्यं आणि भजन, असा आमचा दिवस असतो. आई, तू गाडगेबाबांचं सांगायचीस ना, आधी गाव झाडायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे. आमचं विद्यापीठ त्यांच्याच नावाचं. मुलांना मी सांगते, पहिले दोन दिवस बोलू नका, नुसतं झाडा. तिसऱ्या दिवशी गाव आपणच येऊन बसतं. दर वर्षी तसंच होतं.

तर आज रात्री गाव येऊन बसलं होतं. हे दत्तक गाव आमच्याकडे तीन वर्षं आहे, पुढच्या वर्षी दुसरं घ्यावं लागेल. मी सरळ विचारलं, "पुढच्या दिवाळीनंतर आम्ही नसू. बंधारा कोण घालेल?" बराच वेळ कोणी बोललं नाही. मग बचत गटातली एक बाई उठली. पन्नाशीची असेल. म्हणाली, "मॅडम, आमी घालू. माती हाय, हात हाय. पन पोते कोन देईन?"

मला उत्तर देता आलं नाही. आमची पोती दर वर्षी कॉलेजच्या बांधकामातून येतात. सिमेंटची रिकामी पोती दीड-दोनशे तरी लागतात, आणि उन्हानं ती फाटतात, दुसऱ्या वर्षी चालत नाहीत.

म्हणून बाबा, हे पत्र खरं तुमच्यासाठी. तुम्ही तिघं इतकी वर्षं पोती कुठून आणायचात? युरियाची होती की सिमेंटची? गोठ्याच्या आटाळ्यावर गठ्ठे बांधलेले असायचे हे आठवतं, पण ते कोणाकडून जमवलेले, किती दिवस आधीपासून, हे मी कधी विचारलंच नाही. पुराच्या आधी काही पोती काढून ठेवायचात का? आणि तिघांत किती दिवस लागायचे?

रविवारी सकाळी फोन करते. धाकट्याला लिहून ठेवायला सांगा, म्हणजे काही राहणार नाही. मी त्या बाईला सांगितलंय, सोमवारी माझे बाबा काय म्हणाले ते कळवते.

आई, तीळगूळ डब्यात ठेव. शिबिर संपलं की दुसऱ्या दिवशी येते.

तुमची,
मोठी