ज्यांनी आईला भूल दिली, त्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

ऑपरेशन नीट पार पडलं की पेढे जातात सर्जनकडे. भूल देणाऱ्या डॉक्टरांचं नाव बहुतेकांना ठाऊकही नसतं. आमच्या घरात मात्र तुमचं नाव रोज निघतं, म्हणून हे पत्र चारचौघांना वाचता येईल असं उघड लिहिते आहे.

आईचं वय 78. मोठ्या आतड्यात गाठ, जोडीला बीपी, शुगर आणि जुनी अँजिओप्लास्टी. तुमच्याकडे येण्याआधी आम्ही एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो होतो. तिथल्या डॉक्टरांनी फाईल चाळत, आईकडे मान वर करून न बघता सांगितलं, "या वयात भूल झेपत नाही. टेबलवर काही झालं तर आम्हाला विचारू नका." आई समोरच बसली होती. कानाला मशीन होतं, शब्द न् शब्द ऐकला तिनं. धोका नेमका कशाचा, असं मी विचारलं तर म्हणाले, "ते तुम्हाला कळायचं नाही. हाय रिस्कवर सही करा, नाहीतर दुसरीकडे न्या."

धोका सांगणं हे त्यांचं कामच होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जिवंत माणसाला तिच्यादेखत मेल्यात जमा धरायचं, याचा राग अजून गेलेला नाही. आई त्या रात्री जेवली नाही. "राहू दे ते ऑपरेशन, आहेत ते दिवस घरी काढते," म्हणाली. भरीला नात्यातल्या कुणीतरी मोबाईलवर पाठवलं, की म्हाताऱ्या माणसाला गाढ भूल दिली तर ते पुढचं वर्ष बघत नाही.

तो मेसेज मी तुम्हाला दाखवला. तुम्ही खुर्ची ओढून आईच्या शेजारी बसलात, तिच्या मशीनच्या बाजूला. "ही भीती आम्हा डॉक्टरांनाही होती," हे तुमचं पहिलं वाक्य. 2005 साली अमेरिकेत एका अभ्यासात दिसलं होतं, की ज्यांची भूल जास्त वेळ फार गाढ राहिली ते वर्षभरात जास्त दगावले. पण भुलीमुळे दगावले, की मुळात अशक्त होते म्हणून तेवढ्याच औषधात जास्त गाढ गेले, हे कळत नव्हतं. म्हणून न्यूझीलंडच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं 7 देशांत मोठी चाचणी झाली. साठीच्या पुढचे, मोठी ऑपरेशनं झालेले 6,644 पेशंट, निम्म्यांना हलकी भूल, निम्म्यांना गाढ. 2019 मध्ये निकाल आला. वर्षभरात हलक्या भुलीतले 6.5 टक्के गेले, गाढ भुलीतले 7.2 टक्के. हा फरक योगायोगानंही पडू शकतो, एवढाच.

"तेव्हा आक्का, तुम्ही वर्ष बघणार की नाही हे माझी भूल ठरवणार नाही. तुमचं हृदय, ती गाठ आणि अंगातली ताकद ठरवेल." गावात सगळे आईला आक्का म्हणतात हे तुम्ही आधी विचारून घेतलं होतंत. बाकी सगळीकडे ती नुसती 'आजी' होती, नाहीतर बेड नंबर.

तुम्ही खोटा धीरही दिला नाहीत. वाढत्या वयात औषध कमी लागतं, म्हणून कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या लहरी बघत गरजेपुरतीच भूल देईन, म्हणालात. त्या यंत्रावर 100 म्हणजे पूर्ण जाग, 40 ते 60 म्हणजे ऑपरेशनपुरती झोप. त्याच चाचणीतल्या 515 जणांमध्ये उठल्यावर भ्रम होण्याचं प्रमाण हलक्या भुलीत 19 टक्के होतं आणि गाढ भुलीत 28. पण दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासात असा फायदा दिसला नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. "प्रयत्न करीन, शब्द देत नाही." आईला ते पटलं. परत येताना रिक्षातच म्हणाली, "हा माणूस खरं बोलतो. यांच्याकडेच करू."

ऑपरेशनचं मी फार लिहीत नाही, त्यातलं मला कळतही नाही. मला सांगायचंय ते कानाच्या मशीनचं. ओटीत नेताना चष्मा, कवळी, मशीन सगळं काढून नातेवाइकांकडे देतात. आमच्याही हातात चष्मा आणि कवळी आली, मशीन आलं नाही. मी सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या, सरांनी ठेवून घेतलंय. झोप लागेपर्यंत तुम्ही ते आईच्या कानात राहू दिलंत. मग काढून छोट्या डबीत घालून स्वतःच्या खिशात ठेवलंत. आणि ती उठायच्या बेताला आली तेव्हा स्वतःच्या हातानं परत बसवलंत. आई सांगते, डोळ्यांपुढं सगळं पांढरं होतं, पण कानात स्पष्ट आलं, "आक्का, झालं ऑपरेशन. तुमची मुलगी बाहेर आहे." शेजारच्या बेडवरचे एक आजोबा तीन रात्री सलाईन ओढत होते, मुलाला ओळखत नव्हते. आईनं संध्याकाळी मला विचारलं, "तू जेवलीस का?"

मशीनमुळेच ती शुद्धीवर नीट आली, असा माझा दावा नाही. पण बहिऱ्या माणसाला अनोळखी खोलीत, नाकातोंडात नळ्या असताना जाग येते तेव्हा काय वाटत असेल, याचा विचार तुम्ही केलात. तो कुठल्या फॉर्मवर लिहिलेला नव्हता. बिलातही नव्हता. अशी माणसं आहेत अजून. रात्रपाळीच्या मावशी आईची वेणी घालून द्यायच्या. तो लॅबवाला मुलगा सुई टोचण्याआधी "दुखेल हं" म्हणायचा. ही माणसं मोठ्या पाट्यांवर नसतात, पण आजारी माणूस त्यांच्याच जिवावर उभा राहतो.

आई आता अंगणापर्यंत चालते. पुढच्या तपासण्या आहेत, गाठीचं काय ते डॉक्टर बघतीलच. तिनं तुमच्यासाठी बेदाणा निवडून ठेवलाय, आमच्या तासगावचा. भाऊ घेऊन येईल. नको म्हणू नका, ती रागावेल.

आपली,
आक्कांची मुलगी