त्या शिलाई मशीनबद्दल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी निघताना तू दारात थांबून म्हणालास, "हातात रोख दिले की पैसे दोन दिवसांत उडतात. द्यायचंच तर वस्तू दे." मी तेव्हा नुसती मान हलवली. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण एक गोष्ट मनात सलत होती, आणि तिच्यापायी गेले काही महिने या विषयावर मिळेल ते वाचत बसलोय. फोनवर बोललो तर आपण वाद घालू आणि निम्मं बोलायचं राहील, म्हणून सविस्तर लिहितोय.

सलणारी गोष्ट म्हणजे ते शिलाई मशीन. आपण पाच-सहा जणांनी वर्गणी काढून एका घराला दिलं होतं ते. नवरा दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जायचा, कमरेला मार बसून घरी पडला होता. मुलं दोन, दोन्ही शाळेत. बाईला मशीन द्यायचं, म्हणजे ती आपल्या पायावर उभी राहील, असं आपणच ठरवलं. चार महिन्यांनी मी गेलो तेव्हा मशीन नव्हतं. कोपऱ्यात त्याचं निळं कव्हर तेवढं होतं, धुऊन, घडी घालून ठेवलेलं. तिनं मशीन निम्म्याहून कमी किमतीला विकलं होतं. हे ऐकून तू चिडला होतास.

पुढचं मी तुला कधी सांगितलं नाही. मीही तिला दोन शब्द बोललो. ती काही न बोलता आत गेली आणि एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आली. तिच्यात नवऱ्याच्या एक्स-रेचं पाकीट होतं, औषधांच्या पावत्या होत्या आणि वहीचं एक पान होतं. त्यावर मुलीच्या गोल अक्षरात व्याजाचा हिशेब मांडलेला. दर आठवड्याची रक्कम खाली-खाली लिहिलेली, प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा मोठी. "गावात आधीच दोघी जणी शिवतात, दादा. तिसरीला कोण कापड देणार? आणि व्याज तर रोज चढतं," ती म्हणाली. मला काही बोलता आलं नाही. परत येऊन तुम्हाला सगळ्यांना एवढंच सांगितलं की मशीन विकलं. माझ्याकडून हे चुकलं.

आता हिशेब बघ. आपल्या वर्गणीचं आधी मशीन झालं, मग मशीनचा पुन्हा पैसा झाला, आणि या फेऱ्यात निम्म्याहून जास्त रक्कम वाटेतच आटली. तीच रक्कम पहिल्या दिवशी तिच्या हातात पडली असती तर कर्ज तिथल्या तिथे फिटलं असतं आणि चार महिन्यांचं व्याज वाचलं असतं. गरिबाच्या घरी एकाच रकमेची किंमत रोज सारखी नसते. पेरणीच्या तोंडावर, बाळंतपणात, आजारपणात ती दसपट असते. तो दिवस कोणता हे घरातल्या माणसाला ठाऊक असतं, आपल्याला नसतं.

वाचनात सगळ्यात आधी केनिया भेटला. तिथं पश्चिमेकडे रारिएडा नावाचा भाग आहे. २०११ ते २०१३ या काळात 'गिव्हडायरेक्टली' या संस्थेनं तिथली गवताच्या छपराची घरं हेरली, कारण ज्याला पत्रा परवडत नाही तोच गवत घालतो, गरिबी ओळखायची खूण घराच्या डोक्यावरच असते. त्यातली काही घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडून त्यांना एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवर, पैसे पाठवले. अट कसलीही नाही. योहानेस हाउसहोफर आणि जेरेमी शापिरो या अर्थतज्ज्ञांनी पैसे मिळालेली आणि न मिळालेली घरं ताडून पाहिली. मिळालेल्या घरांत खाणं सुधारलं, गुरं आली, आणि बऱ्याच जणांनी पहिल्यांदा पत्रे घातले. पत्रे म्हणजे चैन वाटेल तुला. पण गवत पुन्हा पुन्हा शाकारावं लागतं, दर खेपेला त्याचा खर्च असतोच. पत्र्यानं तो खर्च थांबतो आणि पावसाच्या रात्री गळक्या जागी भांडी मांडत बसावं लागत नाही. वस्तू वाटणाऱ्या किती जणांच्या यादीत छप्पर असतं, सांग.

त्याच प्रयोगात काहींना रक्कम महिन्याच्या महिन्याला दिली, काहींना एकदम. महिन्याला मिळणाऱ्यांच्या घरी खाण्याची ओढाताण जास्त कमी झाली. एकदम मिळालेल्यांनी छपरासारखी मोठी कामं उरकली. पुढे केनियातच गिव्हडायरेक्टलीनं बारा वर्षं दरमहा पैसे देण्याचा मोठा प्रयोग सुरू केला. त्यातली एक गोष्ट वाचून मला फार आनंद झाला. दरमहा पैसे मिळणारी माणसं एकमेकांत भिशी लावायला लागली. लहान लहान हप्त्यांतून एक मोठी रक्कम उभी करायची ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नव्हती.

आता तुझा मुद्दा, दारूचा. तो मी टाळणार नाही, कारण अशी घरं आपण दोघांनीही पाहिली आहेत. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा या दोघांनी वेगवेगळ्या देशांतले १९ अभ्यास एकत्र तपासले, प्रश्न नेमका हाच होता: रोख मदत मिळाली की दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो का? एकूणात वाढत नाही, झाला तर किंचित कमीच होतो, असं त्यांना दिसलं. एखादा पिणारा पिईलच. पण तो मशीन विकूनही पितो, धान्य विकूनही पितो. त्याच्यापायी बाकीच्या सगळ्या घरांना हात आखडायचा, हे मला आता पटत नाही.

आपल्या देशातही हे करून पाहिलंय. २०११ ते २०१३ मध्ये 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेनं युनिसेफच्या साहाय्यानं मध्य प्रदेशातल्या आठ गावांत, कोण गरीब कोण बरा हे न पाहता, गावातल्या प्रत्येकाला दरमहा पैसे दिले. मोठ्या माणसाला २०० रुपये, मुलामागे १००, वर्षभरानं ते ३०० आणि १५० केले. एका आदिवासी गावातही तसंच केलं. या पैशांत घर चालत नाही, हे उघड आहे. पण त्या लहानशा रकमेनं काय काय हललं बघ. मुलांचं वजन वयाच्या मानानं सुधारलं, आणि मुलींचं अधिक. दुसऱ्याच्या शेतावर राबणारी माणसं स्वतःच्या तुकड्यावर जास्त दिवस काम करायला लागली, कारण बियाणं-खत वेळेवर आणता आलं. शेळ्या-कोंबड्या वाढल्या. आणि काही ठिकाणी नातेवाइकांनी आपापले पैसे एकत्र करून सावकाराचं देणं फेडलं आणि कर्जापायी सालगडी म्हणून अडकलेला आपला माणूस सोडवून आणला. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. मला ते वहीचं पान दिसायला लागलं.

लोक आळशी होतील, असंही तू म्हणाला होतास. मध्य प्रदेशात तर उलटं दिसलं. मला वाटतं ज्याच्या डोक्यावर उद्याची चिंता सतत बसलेली असते, त्याचं कामातही लक्ष लागत नाही. तामिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ साली 'सायन्स' नियतकालिकात आला. ४६४ शेतकरी, प्रत्येकाची बुद्धीची चाचणी दोनदा घेतली: ऊस तुटण्याआधी हात रिकामा असताना, आणि पैसे आल्यावर. माणूस तोच, पण आधीच्या चाचणीत तो चुका जास्त करत होता. टंचाईच्या दिवसांत डोकं त्या टंचाईतच अडकलेलं असतं. त्या दिवसांत कुणी त्याचे निर्णय पाहिले तर त्याला वाटेल याला अक्कल नाही. आपणही असंच कितीदा ठरवलं असेल.

घरात पैसा कुणाच्या हातात जातो, यावरही बरंच काही ठरतं. दक्षिण आफ्रिकेत वृद्धांच्या पेन्शनवर अर्थतज्ज्ञ एस्तेर दुफ्लो यांनी २००३ साली लिहिलंय की पेन्शन आजीला मिळत असेल तर घरातल्या नातींची तब्येत सुधारलेली दिसते, आजोबांना मिळत असेल तर तसा फरक दिसत नाही. मेक्सिकोनं १९९७ साली गरीब घरांना रोख पैसे देणारी 'प्रोग्रेसा' योजना सुरू केली तेव्हा पैसे आईच्याच नावानं द्यायचं ठरवलं, ब्राझीलची तशीच योजना 'बोल्सा फमिलिया' २००३ ची, तिथंही बहुतेक कार्डं बायकांच्या नावावर. मेक्सिकोतली एक गोष्ट तुझ्यासारख्या हिशेबी माणसानं लक्षात ठेवण्याजोगी आहे. मिळालेल्या प्रत्येक पेसोतला साधारण चौथा हिस्सा त्या घरांनी खाण्यापिण्यावर न घालवता जनावरांत, शेतीत किंवा एखाद्या छोट्या धंद्यात घातला, आणि पुढे त्याचंच उत्पन्न खाल्लं.

झांबियात लहान मुलं असलेल्या घरांना २०१० पासून काही वर्षं पैसे दिले. तिथल्या तपासणीत मुलांबद्दल तीन साधे प्रश्न होते: पायात बूट आहेत का, अंगावर घ्यायला पांघरूण आहे का, कपड्यांचे दोन जोड आहेत का? पैसे मिळालेल्या घरांत तिन्ही गोष्टी असलेली मुलं खूप वाढली. गरज म्हणजे काय हे सांगायला मला याहून चांगली यादी सापडली नाही.

सगळीकडे सगळं गोड झालं असंही नाही, तेही लिहितो, नाहीतर तू म्हणशील मी सोयीचं तेवढं उचललं. फिलिपिन्समध्ये दूरच्या, बहुतेक घरांना पैसे मिळाले अशा खेड्यांत अंडी, मासे असल्या पोषक वस्तूंचे भाव चढले, आणि ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्यांच्या मुलांची वाढ खुंटलेली आढळली. बाहेरून माल येत नसेल तर नुसता पैसा भाव वाढवतो, तिथं धान्य पोचवणंच बरं. पण केनियातल्या सियाया भागात ६५३ गावांत असाच हिशेब मांडला, दहा हजारांवर घरांना प्रत्येकी सुमारे हजार डॉलर दिले होते, तेव्हा भाव जेमतेम हलले होते. दिलेल्या एका डॉलरमागे तिथल्या व्यवहारात सुमारे अडीच डॉलरची उलाढाल झाली, आणि पैसे न मिळालेल्या शेजाऱ्यांचीही मिळकत वाढली. ज्यानं छप्पर घातलं त्यानं सुताराला मजुरी दिली, सुतारानं दुकानातून सामान नेलं. म्हणून मला वाटतं, गावात माल पोचतो की नाही हे आधी पाहावं आणि मग ठरवावं.

त्याच सियायातल्या नोंदींवर २०२५ साली आणखी एक निबंध आला. ज्या घरांना पैसे मिळाले त्यांच्यात एक वर्षाच्या आत दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. कारणं अगदी साधी आहेत. बाईला दवाखान्यात जाऊन बाळंत होता आलं, आणि शेवटचे महिने व बाळंतपणानंतरचे दिवस तिला मजुरीला जावं लागलं नाही. डॉक्टर असलेला दवाखाना जिथं जवळ होता तिथं हा फायदा सगळ्यात जास्त दिसला. म्हणजे दवाखाना कुणीतरी बांधलेला हवाच, ते काम घरोघर पैसे वाटून होत नाही. पण दवाखाना असून तिथं जायला गाडीभाडं नाही, म्हणून किती मुलं गेली असतील याचा मी आजवर विचारच केला नव्हता.

अटींबद्दलही मी मधेच अडलो होतो. शाळेत मूल पाठवलं तरच पैसे, हे कानाला बरं वाटतं. मलावीतल्या झोंबा जिल्ह्यात दोन्ही तऱ्हा शेजारी-शेजारी करून पाहिल्या. अट घातलेल्या मुली शाळेत जास्त टिकल्या, हे खरं. पण पुढे शाळा सुटलेल्या मुलींची लग्नं आणि लहान वयातली बाळंतपणं बिनअटीच्या गटात कमी झाली. ज्या मुलीला आधाराची सर्वात जास्त गरज होती, तिलाच अटीनं बाहेर ठेवलं होतं. यावर मी बराच विचार केला आणि शेवटी बिनअटीच्या बाजूला आलो.

गेल्या आठवड्यात मी त्या बाईला फोन केला. मशीनचा विषय मीच काढला, आणि त्या दिवशी बोललो त्याबद्दल माफी मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "जाऊ द्या दादा, त्या पैशांनी त्यांचं औषध तरी झालं." नवरा आता उठून-बसून हलकी कामं करतो. मुलगी दहावीला गेलीय. कव्हर अजून आहे, तिची पुस्तकं त्यात बांधून ठेवलीत म्हणे. काय हवंय असं मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिनं मला आवडेल असं काहीतरी सांगितलं असतं. तिचं बँकेतलं खातं चालू आहे का, तेवढं विचारून घेतलं. चालू आहे, तिच्या एकटीच्या नावावर.

या वर्षीची वर्गणी सरळ त्या खात्यात जमा करायची असं मी ठरवलंय. पहिली रक्कम एकदम, पेरणीच्या आधी, पुढची दरमहा. काय घेतलं, कशाला घेतलं, मी विचारणार नाही, आणि फोटोही काढायला जाणार नाही. बाकीच्या तिघांना मी सांगितलंय, दोघे तयार आहेत, एक जण तुझं मत विचारतोय. तुझा वाटा यात घालणार असशील तर पंधरा तारखेच्या आत कळव, कारण सोळाला मी बँकेत जातोय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना मित्र