गुरुजी, आम्ही साखरेचे व्यापारी नव्हतो!

आदरणीय गुरुजी,
सा. न. वि. वि.

तुम्हाला चारचौघांत कौतुक आवडत नाही हे ठाऊक आहे. तरी हे पत्र जाहीरच लिहितोय. आमचे जुने मोडी कागद वाचून दिलेत, त्याचे पैसे घेतले नाहीत, शाल घेतली नाहीत, नारळसुद्धा देवळात ठेवायला लावलात. मग उरतं काय?

आमच्या मालवण तालुक्यातल्या आचऱ्याच्या घरात, माळ्यावरच्या पेटीत मोडी कागदांचं एक गाठोडं होतं. त्यातलं एक गहाणखत घरात सगळ्यांना तोंडपाठ. म्हणजे त्यातली एकच ओळ पाठ: शके 1793 मध्ये, म्हणजे 1871च्या सुमारास, खापरपणजोबांनी ‘मोरसचे ऐवजातून’ रक्कम भरून नदीकाठचा कुणगा, म्हणजे भातशेताचा तुकडा, सोडवला. जुनी माणसं पांढऱ्या साखरेला मोरस म्हणत. त्यावरून काकांनी ठरवून टाकलं, आपले पूर्वज साखरेचे व्यापारी. लग्न जुळवताना ही माहिती हमखास पुढे यायची.

तुम्ही भिंग लावून तो कागद वाचलात. मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो, त्यामुळे बोट ठेवत ठेवत वाचणं चाललं होतं. ‘मोरसचे ऐवजातून’च्या आधी ‘पाच साल करार पुरा करोन’ असे शब्द होते. तीन पिढ्यांनी ते ओलांडून पुढची ओळ वाचली होती. तुम्ही चष्मा काढलात आणि म्हणालात, “अरे मेल्या, साखर इकणारो नाय, ऊस तोडणारो तुझो खापरपणजो!”

मोरस म्हणजे मॉरिशस. साखरेला ते नाव तिथूनच आलं. 1834 पासून गिरमिटावर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या करारावर, मजूर तिकडे जात होते, त्यात आपल्या रत्नागिरीकडचेही होते, हे तुम्ही सांगितलंत. महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस चुकला तर दोन दिवसांची मजुरी कापायची. मी ते ऐकून गप्पच झालो. पुढचा प्रश्न काकांना कसं सांगायचं हा होता, पण तो वेगळा विषय.

मॉरिशसला मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्या मजुरांच्या नोंदवह्या जपल्यात, तिथे लिही, हे तुम्हीच सुचवलंत. त्याआधी मी एका ठिकाणी चौकशी केली होती. ‘सिंधुदुर्ग जिल्ह्याची नोंद नाही’ असं उत्तर मिळालं आणि मी गाशा गुंडाळला. तुम्ही हसलात. सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1981 साली. त्याआधी मालवण रत्नागिरीतच. त्याच्या शंभरावर वर्षं आधीच्या कारकुनाने सिंधुदुर्ग लिहायचं कसं?

नोंदीची प्रत आली तेव्हा गावाच्या रकान्यातला इंग्रजी शब्द मला ‘अटचेरा’ असा दिसला. तुम्ही म्हणालात, डोळ्यांनी नको, कानाने वाच. गोऱ्या कारकुनाने मालवणी माणसाचा उच्चार जसा ऐकला तसा उतरवलाय. मोठ्याने वाचलं आणि आचरा निघालं! वडिलांचं नाव गहाणखताशी जुळलं. वय 19. आणि खुणेच्या रकान्यात: तोंडावर देवीचे व्रण. आमच्याकडे त्यांचा फोटो नाही, चित्र नाही. दीडशे वर्षांनी त्यांच्या चेहऱ्याबद्दल घरात कळलेली ही पहिली गोष्ट.

आपल्या गावाला गावपळणीची सवय. तीन दिवस वेशीबाहेर राहायचं आणि देवाचा कौल झाला की परतायचं. हा माणूस 1864 मध्ये समुद्रापार पोचला आणि सात वर्षांनी कुणगा सोडवायला परत आला. बरोबरचे कित्येक तिथेच राहिले. त्यांची नातवंडं-पतवंडं गणपतीत अजून ‘झाकरी’ नाचतात म्हणे. जाखडीच ती, उच्चार बदललेला.

काकांना शेवटी सांगितलं. दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एकटेच कुणग्याच्या मेरेवर, बांधावर जाऊन बसले होते. हल्ली पाहुण्यांना स्वतःच सांगतात, पण ‘मॉरिशसला होते’ एवढंच. ऊस अजून गाळतात.

तुमचं भिंग माझ्याकडेच राहिलंय, चतुर्थीला येतो तेव्हा आणतो. गाठोड्यात तळाशी चिकटलेले आणखी चार कागद सापडलेत. त्यातल्या एकावर कुणा बाईचं नाव आहे, जे घरात कुणीच ऐकलेलं नाही. तेवढे वाचाल ना?

आपला,
आचऱ्याचा एक विद्यार्थी